सराईत लेखक कुठे गेले?

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर साड्या, सोने आणि मोबाइलची कव्हरे यांना तोटा नाही. मराठी कादंबरी मात्र इथला वाचक बेळगाव, कोल्हापूर नाहीतर पुण्याहून आणतो किंवा मागवतो. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. मराठी मासिके, पुस्तके, नाटक कंपन्या इथे परक्या नव्हत्या. पुढे राज्य बदलले, घरातली भाषा राहिली. आज इथल्या मराठी घरात कन्नड शाळेतून येते, इंग्रजी कॉलेजातून आणि मराठी आजीकडून. या त्रांगड्याचा एक फायदा आहे. करमणुकीच्या कादंबरीबाबत आम्ही फार भोळे राहत नाही. कोलीन हूवरची इंग्रजी प्रेमकथा, के. एन. गणेशय्यांचे कन्नड रहस्य आणि प्रकाश कोयाडे यांचे मराठी रहस्य लागोपाठ वाचले, की कोण कुठे कमी पडतो ते लपत नाही.

गेल्या काही वर्षांत मराठीत आलेल्या रहस्य, प्रणय आणि अद्भुत या तिन्ही जातींच्या कादंबऱ्या, आणि त्यांच्या मागे उभी असलेली जुनी फौज, असे सगळे एकत्र पाहिले तर माझे मत जरा उलट्या क्रमाने बनते. ज्या प्रणयकथेला सगळे नाक मुरडतात ती सर्वांत धडधाकट आहे. जिच्यावर सर्वांत जास्त कागद आणि जाहिरात खर्च होते ती रहस्यकथा दिसायला भरदार आणि चालायला मंद झाली आहे. अद्भुताचे तर असे, की त्याचा सर्वांत मोठा मराठी लेखक इथून वीस किलोमीटरवर धारवाडात राहून गेला, आणि अजून कोणी त्याला त्या रांगेत बसवायला तयार नाही. या तिन्हींमागे मला एकच कारण दिसते: लिहिण्याचा सराव. करमणुकीची कादंबरी प्रतिभेवर चालते त्याहून अधिक सरावावर चालते, आणि तो सराव लेखकाला कोण देतो यावर तिचे बरेवाईट ठरते.

सुरुवात तशी झोकात झाली होती. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. दोन्ही अद्भुताच्या अंगणातल्या. आमच्या बाजूच्या जांबोटीचे रा. भि. गुंजीकर यांनी १८७१ साली 'मोचनगड' लिहून इतिहासाकडे वळण घेतले, पण किल्ला, तुरुंग, सुटका हा मसाला त्यांनीही सोडला नाही. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कथानकांना देशी पोशाख चढवला आणि 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' अशा नावांनी दोन पिढ्यांची झोप उडवली. नाथमाधवांचा 'वीरधवल' तर आजही जुन्या वाचनालयात बांधणी सुटलेल्या अवस्थेत सापडतो. पुस्तक वाचले गेल्याची याहून मोठी पावती नसते. राजवाड्यांसारख्या इतिहासाचार्याला १९०२ मध्ये कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला, इतकी या प्रकाराची दखल तेव्हा घेतली जात होती.

त्या काळी वाहतूक मराठीकडून कन्नडकडे होती, हेही नोंदवून ठेवतो. हावेरी भागातले गळगनाथ, म्हणजे वेंकटेश तिरको कुलकर्णी, यांनी हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडात नेल्या आणि पुस्तकांचे गाठोडे घेऊन गावोगाव स्वतः फिरून विकली. लेखक, प्रकाशक, विक्रेता आणि हमाल एकाच माणसात. आज उलटी वाहतूक जोरात आहे. बेळगावच्या उमा कुलकर्णींनी भैरप्पांना मराठीत इतके रुजवले की पुण्यातल्या अनेक घरांना 'वंशवृक्ष' मराठीच वाटते. हेच भैरप्पा उमेदवारीच्या काळात हुबळीत प्राध्यापक होते. पण या पुलावरून जाते-येते ती प्रतिष्ठित कादंबरी. रहस्य आणि प्रणयाला पुलावर मज्जाव आहे. एन. नरसिंहय्या यांनी चौथीपर्यंतच्या शिक्षणावर साडेपाचशेच्या घरात कन्नड रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा 'पत्तेदार पुरुषोत्तम' घरोघरी पोचला. मराठीत त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आणि झुंजार कोण, हे धारवाडच्या कन्नड वाचकाला विचारून पाहा.

झुंजारचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय हे त्यांचे नायक. गोव्याच्या गुरुनाथ नाईकांचा आकडाही तसाच चक्रावणारा. कॅप्टन दीप आणि मेजर अविनाश भोसले हे त्यांचे शिलेदार. हे आकडे सांगून लोक हसतात, किंवा 'तेव्हा लोक वाचायचे हो' असा उसासा टाकतात. मला त्यात वेगळे काही दिसते. हे लेखन भाड्याच्या वाचनालयासाठी घडवलेले होते. वाचनालयवाल्याचे गणित सोपे होते. पुस्तकाचे भाडे दिवसावर, म्हणून पुस्तक जितके पातळ तितक्या लवकर परत येणार आणि दुसऱ्याच्या हातात जाणार. म्हणून शंभर-सव्वाशे पाने. वाचकाने उद्या परत यावे म्हणून नायक तोच. नायक तोच असल्यामुळे त्याची ओळख करून देण्यात पाने घालवायची नाहीत, पहिल्याच पानावर प्रेत. आणि दर महिन्याला नवे पुस्तक हवे म्हणून लेखकाचा हात सतत चालता. यातल्या बहुतेक कथा सामान्य होत्या, काही तर निव्वळ भरताड. पण महिन्याला दोन-तीन कथा लिहिणाऱ्याला एक गोष्ट नक्की येते: वाचक कुठे जांभई देईल ते त्याला आधी कळते.

या शाळेतून निघालेला सर्वांत हुशार विद्यार्थी सुहास शिरवळकर. फिरोज इराणी, दारा बुलंद, अमर विश्वास, मंदार पटवर्धन अशा मालिका त्यांनी भाड्याच्या पुस्तकांच्या बाजारासाठी लिहिल्या. 'दुनियादारी' लिहिणारा हात तोच. कॉलेजच्या कट्ट्यावरची ती कादंबरी लोक मैत्रीसाठी आणि प्रेमासाठी वाचतात, मी ती संवादांसाठी वाचतो. चार-पाच जण एकदम बोलत असताना 'तो म्हणाला' न लिहिता कोण बोलतोय ते कळते. ही करामत रहस्यकथेच्या तालमीत घटवलेली आहे. २०१३ च्या चित्रपटाने ती नव्या पिढीच्या हातात दिली, पण चित्रपट पाहून पुस्तकाकडे आलेल्यांना पुस्तक अधिक कडवट लागते, आणि ते तसेच आहे. 'समांतर'चे बीज पाहा: आपण जगतोय ते आयुष्य कोणीतरी आधीच जगून गेला आहे, आणि त्याला गाठले तर आपला उद्या कळेल. एका वाक्यात सांगता येणारी आणि ऐकताक्षणी पुढे काय असे विचारायला लावणारी कल्पना. २०२० मध्ये तिची वेब मालिका झाली तेव्हा शिरवळकरांना जाऊन सतरा वर्षे झाली होती. त्या काळात मराठीत एवढ्या ताकदीची दुसरी कल्पना निर्मात्यांना सापडली नाही, यात शिरवळकरांचे कौतुक आहे आणि बाकीच्यांचे प्रगतिपुस्तकही.

आता आजचे रहस्य. वाचनालये बंद पडली, दूरदर्शन आले, वाहिन्या आल्या, आणि पातळ पुस्तकाचा धंदा आटला. त्याच्या जागी आला तो चार-पाचशे पानांचा, जाड पुठ्ठ्याचा, 'संशोधनावर आधारित' थ्रिलर. डॅन ब्राऊनचे 'द दा विंची कोड' २००३चे. मेहतांनी ते मराठीत आणले, सोबत ग्रिशॅम, रॉबिन कुक, फोर्सिथ हे सगळे आधीपासून होतेच. या अनुवादांनी मराठी वाचकाला एक माप दिले: गुप्त संस्था, सांकेतिक चिन्हे, चोवीस तासांची मुदत आणि एक प्राध्यापक. पुढच्या बऱ्याच मराठी कादंबऱ्या त्या मापाने बेतलेल्या आहेत.

वसंत वसंत लिमये यांची 'लॉक ग्रिफिन' आणि नंतरची 'विश्वस्त' या त्यातल्या ठळक. लिमये गिर्यारोहक आहेत, आणि ते कळते. माणूस दोराला लटकलेला असो की जंगलात वाट चुकलेला, त्यांच्या गद्याला तिथे दम असतो. 'विश्वस्त'मध्ये द्वारकेपर्यंत जाणारा खजिन्याचा माग आहे, आणि आजचे राजकारण त्याला गुंडाळलेले आहे. पण खजिना जसजसा जवळ येतो तसतशी पात्रे एकमेकांना माहिती पुरवू लागतात. दोन मित्र, जे दोघेही इतिहास जाणतात, एकमेकांना तो समजावून सांगतात, आणि आपण मध्ये बसून वहीत उतरवून घ्यावे अशी अपेक्षा असावी. प्रकाश कोयाडे यांच्या 'प्रतिपश्चंद्र'चेही तसेच. शिवकाळाशी जोडलेले गुपित आजच्या तरुणाने उलगडायचे, ही ओढ जबरदस्त आहे, आणि कधी कादंबरी हातात न घेतलेल्या मुलांनी ती एका बैठकीत संपवली हे मी स्वतः पाहिले आहे. हे काम लहान नाही. मात्र त्यातला खलनायक मला आठवत नाही, खजिन्याचे पुरावे आठवतात. रहस्यकथेत हे उलटे व्हायला हवे. संजय सोनवणी यांचा 'असुरवेद' याहून जुना. एक प्राचीन ग्रंथ आणि त्यावरून होणारे खून ही त्याची कल्पना धाडसी आहे, तिच्यात समाजाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवण्याची तयारी आहे.

कन्नडातही हीच लाट आहे, आणि तुलना उपयोगी पडते. गणेशय्य मूळचे कृषिशास्त्रज्ञ. 'कनकमुसुकु', 'करिसिरियान' यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्यांत शिल्पे, शिलालेख, विजयनगरची संपत्ती यांचा माग असतो. ते पानाखाली संदर्भ देतात. कादंबरीत तळटीप म्हणजे गुन्हाच, असे मला वाटायचे. वाचल्यावर कळले की त्यामुळे पात्रांची सुटका होते. माहिती तळाशी, माणसे वर पळायला मोकळी. आपल्या लेखकांनी ही युक्ती उचलायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही भाषांना लागू आहे. तीन-चार वर्षांत एक जाड पुस्तक लिहिणाऱ्याचा हात चालता राहत नाही. नायक दर वेळी नवा, म्हणजे दर वेळी पन्नास पाने त्याचे बालपण. लेखक अभ्यासू असतो, भला असतो, पण सराईत नसतो. हुबळी स्थानकाचा फलाट दीड किलोमीटरहून थोडा लांब आहे, जगातला सर्वांत लांब म्हणून त्याची ख्याती. अर्नाळकरांचे पुस्तक या टोकाला विकत घेतले असते तर त्या टोकाला पोचेपर्यंत दोन खून पाडून झाले असते. आजचे थ्रिलर घेतले तर एवढ्या अंतरात आभाराची पाने संपतात.

भयकथेची तब्येत त्या मानाने बरी. नारायण धारपांनी उसनवारी केली हे उघड आहे. 'लुचाई' वाचताना स्टीफन किंगचे 'सेलम्स लॉट' ओळखू येते. पण उसनवारी करून त्यांनी भीतीला मराठी पत्ता दिला. समर्थांसारखा अध्यात्मातला माणूस अमंगळाशी लढतो, ही रचना किंगची नाही, ती आपल्या देवघरातली आहे. धारपांची एक छोटी गोष्ट राही बर्वे यांच्या डोक्यात लहानपणापासून राहिली आणि तिच्यातून २०१८ चा 'तुंबाड' हा चित्रपट उभा राहिला. रत्नाकर मतकरींनी उलट दिशेने जाऊन भुताला फ्लॅटमध्ये आणले. मध्यमवर्गीय माणसाच्या लहानशा पापातून गूढ उगवते, हे मतकरींचे खास. या दोघांनाही दिवाळी अंकांनी पोसले. 'नवल' आणि 'धनंजय' यांसारख्या अंकांना दरवर्षी गोष्ट हवीच असे, लेखकाला बसावेच लागे. म्हणजे इथेही सराव कोणीतरी पुरवला होता.

आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते या परंपरेचे खरे वारस. 'अंधारवारी'च्या कथा मला थोड्या नटलेल्या वाटतात, पण 'दंशकाल' ही गेल्या काही वर्षांतली फार मोठ्या ताकदीची मराठी कादंबरी आहे. कोकणातले एक घर, त्यातले आप्पलपोटे, विक्षिप्त, वखवखलेले नातेवाईक, आणि भीती बाहेरून न येता माजघरातून येते. भय वाढत जाताना विनोदही वाढत जातो. हे जमवणे अवघड आहे. त्यांची 'हाकामारी' त्या मानाने चिमुकली. रात्री दारात येऊन नावाने हाक मारणारी बाई, ओ दिली की संपलेच, अशी अफवा गावात पसरते. हुबळी-धारवाडच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. नव्वदच्या दशकात कर्नाटकात दारांवर 'नाळे बा', म्हणजे उद्या ये, असे लिहिले जाई. हाक मारणारी आली की वाचून परत जावी, आणि उद्या आली की पुन्हा तेच वाचावे. पुढे 'स्त्री' या हिंदी चित्रपटाने ही कल्पना देशभर नेली. गुप्त्यांच्या कथेतली भीती मला या दारांमुळे दुप्पट लागली. ज्या वाचकाने ती दारे पाहिली नाहीत त्यालाही ती लागेल असे वाटते.

प्रणयकथेकडे वळताना समीक्षक आवाज बदलतात, तो आधी बाजूला ठेवू. ना. सी. फडक्यांनी ती साफसूफ, सुगंधी आणि नेमकी केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातला हा प्राध्यापक कथानक कसे बांधावे यावर 'प्रतिभासाधन' नावाचे आख्खे पुस्तक लिहून बसला. त्या पुस्तकाला नंतर फार हसले गेले, पण आज कार्यशाळांत पैसे भरून तेच शिकवले जाते. फडक्यांनंतर शैलजा राजे, कुमुदिनी रांगणेकर, योगिनी जोगळेकर, स्नेहलता दसनूरकर यांनी दुपारच्या वाचनाची एक प्रचंड दुनिया चालवली. आमच्या बाजूला कन्नडात त्रिवेणी, एम. के. इंदिरा, साईसुते यांनी नेमके हेच केले. फरक एवढाच की त्रिवेणींचे नाव कन्नड समीक्षक आदराने घेतात, 'शरपंजर'वर चित्रपट आला तेव्हा त्याला डोक्यावर घेतले गेले. शैलजा राजे यांच्यावर मराठीत एखादा गंभीर लेख शोधून पाहावा.

चंद्रकांत काकोडकरांचे प्रकरण या सगळ्यात खमंग. हा लेखक वाचनालयांचा लाडका होता. त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' निघाला. त्यांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला भरला गेला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ मध्ये न्यायालयाने लेखकाला सोडले. निकालातला सूर असा होता: कथेचा वाङ्मयीन दर्जा उंच नसेल, लेखक अपरिपक्व असेल, ज्या विषयावर लिहितो त्याचे ज्ञानही त्याला पुरेसे नसेल, पण हे अश्लील नव्हे, आणि समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत. मराठी प्रणयकथेचे इतक्या वरच्या पातळीवरचे परीक्षण त्याआधीही झाले नाही आणि त्यानंतरही नाही. आणि ते बऱ्याच छापील परीक्षणांहून प्रामाणिक आहे.

आजची प्रणयकथा फोनवर गेली आहे. 'प्रतिलिपी' हे २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेले व्यासपीठ. मराठी प्रेमकथांचा मोठा कारखाना कर्नाटकाच्या राजधानीत चालतो याची गंमत पुण्याला अजून कळलेली नाही. तिथल्या मालिका भागाभागाने येतात. श्रीमंत, रागीट, आतून हळवा नायक, करारापुरते लग्न, गैरसमज, सासू, पाऊस. साचा एकच. त्यातला बराचसा मजकूर मी अर्ध्यात सोडतो. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. या लेखिका रोज किंवा दर आठवड्याला भाग देतात, आणि खालच्या प्रतिक्रियांतून वाचक कुठे थांबला हे त्यांना त्याच रात्री कळते. अर्नाळकरांना वाचनालयवाला सांगायचा, यांना फोन सांगतो. वीस भागांनंतर त्यांच्यातल्या काहींचे संवाद असे पळू लागतात की छापील लेखकांनी उभे राहून पाहावे. मराठी करमणुकीच्या लेखनाला मिळालेली ही नवी तालीम आहे, आणि ती जवळजवळ सगळी बायकांच्या हातात आहे. म्हणूनच बहुधा तिची दखल कोणी घेत नाही.

इंग्रजीत याच रस्त्याने काय झाले ते पुस्तकांच्या दुकानात दिसते. हूवरचे 'इट एन्ड्स विथ अस' २०१६ चे, समाजमाध्यमांवरच्या मुलींनी ते काही वर्षांनी वर काढले आणि २०२४ मध्ये चित्रपट आला. मला ते नवऱ्याच्या मारहाणीविषयी धीटपणे बोलणारे आणि बाकी बाबतीत फार गोड पुस्तक वाटते. फ्रीडा मॅकफॅडनचे 'द हाऊसमेड' त्याहून चलाख. बारीक प्रकरणे, प्रत्येकाच्या शेवटी एक फिरकी, भाषा पाण्यासारखी. दुसऱ्यांदा वाचण्यासारखे त्यात काही नाही, तसा दावाही नाही. अर्नाळकरांनी हात मिळवला असता.

छापील मराठीत चांगली प्रेमकथा नाही, असे म्हणणाऱ्यांना मी मिलिंद बोकिलांची 'शाळा' आणि सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' दाखवतो. आणीबाणीच्या वर्षातला नववीतला मुलगा एका मुलीच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक पाठ करतो, यापेक्षा शुद्ध प्रणय कोणता? 'कोबाल्ट ब्लू'मध्ये भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्या भाडेकरूच्या प्रेमात पडतात, आणि तो दोघांनाही सोडून जातो. इतकी धारदार गोष्ट लेखकाने विशीत लिहिली. पण या दोन्ही कादंबऱ्या वाचनालयात 'साहित्य' या कपाटात असतात. चांगली निघाली की तिला प्रणयाच्या कपाटातून उचलायचे, आणि मग रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवून प्रणयकथा हलकीच असते म्हणायचे, हा आपला जुना उद्योग.

हाच उद्योग अद्भुताच्या बाबतीत सर्वांत महागात पडला. मराठीत परकी, संपूर्ण कल्पित दुनिया उभी करणारी कादंबरी का रुजली नाही, याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे: ती भूक पुराणांनी आणि इतिहासाने भागवली. 'ययाति' १९५९, 'मृत्युंजय' १९६७, 'राधेय' १९७३. कवचकुंडले, शाप, उसने तारुण्य असा सगळा चमत्कार तिथे होता, वर प्रतिष्ठा फुकट. अमीशच्या शिवकथेने २०१० नंतर तोच मसाला इंग्रजीतून वाढला आणि मराठीत परत आला. मला तिचे कथन सपाट वाटते, पण लढाया तो नीट रचतो. विज्ञानाच्या बाजूने नारळीकरांनी 'प्रेषित', 'वामन परत न आला' लिहून कल्पनेला शिस्त लावली. ती शिस्त अद्भुताला मानवतेच असे नाही. 'हॅरी पॉटर'चा मराठी अनुवाद बाळ ऊर्ध्वरेषे यांनी केला, टॉल्किनचे अंगठीचे महाकाव्य मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आणले. दोन्ही कामे मोठ्या जिद्दीची. पण तीन खंडांची ती भिंत पाहून मराठी वाचकाला वाटते की हे सगळे मुळात इंग्रजांचे.

आणि धारवाडात जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते. जनता शिक्षण समितीच्या कॉलेजातला, काळा चष्मा लावणारा, सभा-समारंभ टाळणारा हा प्राध्यापक. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यांनी तो परत केला, ही गोष्ट सगळे सांगतात. १९७५ च्या 'रमलखुणा'त काय आहे हे कमी जण सांगतात. त्यात दोन दीर्घ कथा: 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. नकाशावर नसलेले प्रदेश, तिथले देव, विधी, शहरे, कोणत्याही शब्दकोशात नसलेली नावे. एक माणूस आपल्या प्राक्तनाचा अर्थ शोधत चालतो आणि वाटेत त्याला एकामागून एक विलक्षण माणसे भेटतात. हे शुद्ध अद्भुत आहे, आणि मराठीत याच्या उंचीचे दुसरे नाही. त्यांच्या 'विदूषक' या कथेतला दरबार पाहा. बुद्धी आणि सत्ता यांचा असा जीवघेणा खेळ आजच्या लोकप्रिय ड्रॅगनकथांत शोधूनही सापडत नाही. रेबेका यारोसचे 'फोर्थ विंग' मी आवडीने वाचले. युद्धशाळा, ड्रॅगन, प्रेम असे सगळे त्यात आहे, पण तिथल्या राजकारणाची खोली गुडघ्याएवढी.

जी.ए. थ्रिलरही लिहू शकत होते, याचा पुरावा 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी'. एका प्रवाशाला मोठ्या आदराने मठात नेले जाते, स्वामी म्हणून त्याची योजना होते, आणि मग त्या आदराचा खरा अर्थ कळतो. कोंडून घातल्याची भावना इतकी थेट मी दुसऱ्या कोणत्याही मराठी गोष्टीत अनुभवली नाही. एकाही पानावर माहिती नाही, व्याख्यान नाही. 'विश्वस्त' आणि 'प्रतिपश्चंद्र' वाचून झाल्यावर ही कथा वाचावी. मराठी रहस्याला काय येऊ शकत होते ते कळते.

माझ्या सरावाच्या सिद्धान्ताला इथे तडा जातो, हे मान्य. जी.ए. हे कोणत्याही वाचनालयवाल्याच्या तगाद्यावर लिहिणारे नव्हते. पण एकट्याने शिखर गाठले की मागून वाट पडत नाही. टॉल्किनमागे बरेवाईट शेकडो लेखक आले, त्यातल्या बहुतेकांनी त्याची नक्कल केली, आणि नकलेतूनच एक प्रकार जन्माला आला. जी.एं.ची नक्कल झाली ती त्यांच्या उदासीची आणि प्रतिमांची. त्यांच्या कल्पित प्रदेशांत पुन्हा कोणी पाऊल टाकले नाही, कारण ते प्रदेश आहेत हेच कोणी सांगितले नाही. समीक्षेने त्यांना नियती, रूपककथा, अस्तित्व या खोल्यांत बसवले आणि कुलूप लावले. पंधरा वर्षांचा मुलगा हॅरी पॉटर संपवून 'आता काय वाचू' असे विचारतो, तेव्हा त्याच्या हातात 'रमलखुणा' देण्याचे कोणाच्या मनात येत नाही. मी इथल्या एका मुलाला दिले. पहिली वीस पाने त्याने कुरकुर केली. मग दोन दिवस तो दिसला नाही, आणि तिसऱ्या दिवशी येऊन त्याने विचारले की या देशाचा नकाशा पुस्तकात का नाही.

वाचनालयांनी 'रमलखुणा' आणि 'स्वामी मुद्रिकांचा' एका फळीवर ठेवावेत असे मी सुचवतो तेव्हा जी.एं.चे भक्त माझ्यावर रागावतात. टॉल्किनचे भक्त रागावत नाहीत, कारण त्यांनी जी.ए. वाचलेले नसतात.